मुलाची वाढ: कुठे थांबावे, कुठे थांबू नये

पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाचे वजन आपल्याकडे साधारण पावणेतीन ते तीन किलो आणि लांबी ५० सेंटिमीटरच्या आसपास असते. अडीच किलोहून कमी भरलेले बाळ कमी वजनाचे मानले जाते आणि पहिले काही महिने त्याच्याकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. जन्मानंतरच्या तीन-चार दिवसांत जवळपास प्रत्येक बाळाचे वजन थोडे उतरते, कारण अंगातले जास्तीचे पाणी बाहेर पडत असते आणि आईला अजून भरपूर दूध उतरलेले नसते. ही घट जन्मवजनाच्या दहा टक्क्यांच्या आत राहिली तर चिंतेचे कारण नसते. दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत वजन पुन्हा भरून येते. याच दिवसांत घरातले कोणीतरी घाबरून वरचे दूध सुरू करते. वरच्या दुधाने पोट भरले की बाळ अंगावर कमी ओढते आणि ओढणे कमी झाले की आईचे दूधही कमी होते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ चोवीस तासांत सहा वेळा तरी लघवी करत असेल आणि वजन चढू लागले असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे.

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, पाणीही नको. जन्मल्याबरोबर मध चाटवणे किंवा बाळगुटी देणे प्रेमापोटीच होते, पण मधात क्वचित असे जिवाणू असतात की ज्यांच्यामुळे वर्षाच्या आतील बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. उगाळण्याच्या सहाणेवरून आणि पाण्यातून जंतूही जातात. काजळात शिसे असू शकते, म्हणून तेही डोळ्यांत घालू नये. मालिश मात्र हलक्या हाताने जरूर करावी. त्यात बाळाला मिळणारा स्पर्श आणि त्याच्याशी होणारे बोलणे तेलाइतकेच मोलाचे आहे. सहा महिने पूर्ण झाल्यावर उष्टावण करून घट्टसर, चमच्यावरून ओघळणार नाही असे अन्न सुरू करावे: मऊ वरणभात, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, उकडलेला बटाटा, थोड्याच दिवसांत अंडे, आणि प्रत्येक वाटीत चमचाभर तूप किंवा तेल. या वयात पोट लहान असते, म्हणून डाळीच्या वरच्या पाण्याने ते भरते पण पोषण फारसे होत नाही. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही चालू ठेवता येते.

वाढीचा वेग पहिल्या वर्षात जितका असतो तितका पुढे पुन्हा कधीही नसतो. पाच महिन्यांत जन्मवजनाची दुप्पट होते, वर्षात तिप्पट, दोन वर्षांत साधारण चौपट. लांबी पहिल्या वर्षात सुमारे २५ सेंटिमीटरने वाढते, दुसऱ्या वर्षात १२ सेंटिमीटरने, आणि चार वर्षांचे मूल साधारण १०० सेंटिमीटरचे, म्हणजे जन्माच्या दुप्पट होते. त्यानंतर वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर आणि दोन-तीन किलो, इतकेच. घरोघरी ऐकू येणाऱ्या एका तक्रारीचे उत्तर या आकड्यांतच आहे. ‘वर्षापर्यंत छान खात होता, आता खातच नाही’ असे दीड-दोन वर्षांच्या मुलाविषयी सांगितले जाते. वेग मंदावला की भूकही उतरते. अशा वेळी मोबाइल समोर धरून घास भरवले, तर पोट भरल्याची स्वतःची जाणीव ओळखायला मूल शिकत नाही. काय आणि केव्हा वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे ते मुलाने. एक अपवाद पाहण्याजोगा आहे: दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पिणारे मूल जेवणाला नाही म्हणते, आणि दुधात लोह फारच कमी असल्याने त्याच्यात रक्तक्षय होतो. तिथे औषधाआधी दूध कमी करावे लागते.

वाढ योग्य आहे की नाही हे शेजारच्या मुलाकडे पाहून कळत नाही, ते तक्त्यावर कळते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले पाच वर्षांपर्यंतचे वाढीचे तक्ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या निरोगी, अंगावर दूध प्यायलेल्या मुलांच्या मोजमापांवरून तयार झाले. त्यात भारतातली मुले दिल्लीची होती. पोषण आणि स्वच्छता चांगली मिळाली तर इतक्या वेगवेगळ्या देशांतली लहान मुले जवळपास सारखीच उंच होतात, हा त्या अभ्यासाचा मोठा निष्कर्ष. ‘आपल्याकडची मुले असायचीच लहान’ हे म्हणणे त्यापुढे टिकत नाही. अंगणवाडीत मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर हेच तक्ते हिरव्या, पिवळ्या आणि लाल-केशरी पट्ट्यांत छापलेले असतात.

तक्ता वाचताना एका ठिपक्यापेक्षा अनेक ठिपक्यांची रेषा महत्त्वाची. बारीक चणीचे मूल खालच्या रेषेला समांतर वर चढत असेल तर ते त्याचे स्वतःचे माप आहे. उलट, वरच्या रेषेवर असलेले मूल दोन-तीन महिने आडवेच चालले किंवा खाली वळले, तर ते दिसायला गुटगुटीत असले तरी तपासायला हवे. म्हणून पहिल्या वर्षी दर महिन्याला, दुसऱ्या वर्षापासून दोन-तीन महिन्यांनी आणि शाळेच्या वयात निदान सहा महिन्यांनी वजन-उंची लिहून ठेवावी. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडाचा घेर हेही साधे आणि विश्वासार्ह माप आहे. तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मूल तीव्र कुपोषित असते आणि त्याला तातडीने उपचार लागतात. ११.५ ते १२.५ च्या मधले मूल मध्यम कुपोषित गटात येते.

अंगाची हालचाल एका ठरलेल्या क्रमाने येते: डोक्याकडून पायांकडे, आणि धडाकडून बोटांच्या टोकांकडे. आधी मान धरते, मग पाठ, मग कंबर, मग पाय. हातातही आधी खांदा, मग कोपर, मग मूठ आणि सर्वांत शेवटी अंगठा व तर्जनीची चिमूट. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मान, चार-पाच महिन्यांत कूस बदलणे, आठव्या महिन्याच्या आसपास आधाराशिवाय बसणे, नवव्या-दहाव्या महिन्यात जमिनीवरचा कुरमुरा चिमटीत उचलणे, वर्षाच्या आगेमागे पाऊल टाकणे. क्रम सहसा बदलत नाही, वेळ मात्र बरीच बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अभ्यासात निरोगी मुले आधाराविना चालू लागण्याचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला, आणि शंभरातली सुमारे चार मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. रांगणे टाळून थेट उभे राहणाऱ्या मुलाला जबरदस्तीने रांगवण्याची गरज नाही. दहाव्या महिन्यात चाललेले मूल पंधराव्या महिन्यात चाललेल्यापेक्षा हुशार निघते असेही नाही.

चालण्याची घाई करणाऱ्या घरांत चाकांचा, मध्ये बसायचा वॉकर येतो. त्याने मूल लवकर चालत नाही. उलट त्यात बसून ते पायाच्या बोटांनी ढकलत सरकते, आणि तोल सांभाळायचा सराव राहून जातो. जिन्यावरून पडणे, गरम भांड्यापर्यंत पोचणे असे अपघात त्याने इतके झाले की कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली. उभे राहून पुढे ढकलायचा जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल स्वतःच्या पायांवर असते, पण कोणीतरी जवळ हवे. सर्वांत चांगली सोय म्हणजे स्वच्छ, मोकळी जमीन आणि अनवाणी पाय.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे वय अपेक्षित तारखेपासून मोजावे. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले की त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाची अपेक्षा ठेवायची, आणि हा हिशोब दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायचा. लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायची.

काही खुणा दिसल्या तर वाट पाहू नये. तीन महिन्यांत माणसाकडे पाहून हसत नाही, पाच महिन्यांत मान सावरत नाही, दहा महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षात चालत नाही. अंग फार ताठ किंवा फार सैल लागते. येत असलेली एखादी गोष्ट पुन्हा जाते. आणखी एक खूण लोकांना कौतुकाची वाटते: वर्षाच्या आतच मूल सतत एकाच हाताने वस्तू घेते आणि दुसरा हात वापरतच नाही. डावखुरे की उजवे हे सहसा दीड वर्षानंतर दिसू लागते. त्याआधी एकच हात चालत असेल तर दुसऱ्या हातात दुर्बलता नाही ना, हे पाहावे लागते. या बाबतीत ‘होईल हळूहळू, याचे वडीलही उशिराच चालले’ हा सल्ला सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण मेंदू सर्वांत लवचीक असतो त्याच महिन्यांत व्यायामोपचारांचा सर्वांत जास्त उपयोग होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत जाऊन मुले तपासतात आणि गरज असलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवतात.

नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटर अंतरावरचे सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा असतो साधारण तितके. ऐकू तर पोटात असल्यापासूनच येते. पण काही बाळे जन्मतः बहिरी असतात आणि ती दिसायला अगदी निरोगी असतात. पाठीमागे टाळी वाजवून केलेली परीक्षा फसवी ठरते, कारण बाळ हवेचा झोत किंवा सावली ओळखून वळू शकते. पहिल्या महिन्यात यंत्राने ऐकण्याची चाचणी, दोष वाटल्यास तीन महिन्यांपर्यंत पक्के निदान आणि सहा महिन्यांपर्यंत श्रवणयंत्र किंवा अन्य उपचार, ही वेळ साधली तर पुष्कळ मुले बोलायला शिकतात. ऐकू न येणारे बाळही पहिले काही महिने हुंकार देते, म्हणून घरच्यांना उशिरा कळते.

बोलणे शब्दांच्या फार आधी सुरू होते. दुसऱ्या महिन्यात हुंकार, सहा-सात महिन्यांत ‘बाबाबा’, ‘दादादा’, नवव्या महिन्यात टाटा करणे, वर्षाच्या सुमारास बोट दाखवून ‘ते बघ’ असे सांगणे. बोट दाखवण्याचे महत्त्व लोकांच्या लक्षात येत नाही. आपण पाहतो ते दुसऱ्यानेही पाहावे ही इच्छा त्यात असते, आणि भाषा तिच्यावरच उभी राहते. वर्षाला एक-दोन शब्द, दोन वर्षांना पन्नासेक शब्द आणि ‘बाबा गेले’, ‘दूध दे’ अशी दोन शब्दांची जोडणी, तीन वर्षांना छोटी वाक्ये. वर्षभरात बोट दाखवणे किंवा टाटा नाही, सोळा महिन्यांत एकही शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही, नावाने हाक मारली तर पाहत नाही, अशा वेळी श्रवणचाचणी आणि बालविकासतज्ज्ञांचा सल्ला लगेच घ्यावा. स्वमग्नतेची चिन्हे याच वयात ओळखता येतात.

बोबडे बोलणे वेगळे. प, ब, म हे ओठांवरचे ध्वनी आधी येतात. र, ळ, ण यांना वेळ लागतो. चार वर्षांचे मूल ‘राजा’ला ‘लाजा’ म्हणाले तर हसू नये आणि दुरुस्तही करत बसू नये, आपण शब्द नीट उच्चारावा. तीन-चार वर्षांच्या वयात विचार वेगाने येतात आणि जीभ मागे पडते, त्यामुळे कित्येक मुले काही काळ अडखळतात. ‘हळू बोल’, ‘परत म्हण’ असे टोकले तर अडखळणे वाढते. ते सहा महिन्यांहून अधिक टिकले किंवा बोलताना चेहरा ताणला जाऊ लागला, तर वाचातज्ज्ञांकडे न्यावे. घरात मराठी, इमारतीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी, किंवा परदेशात बाहेर सगळे इंग्रजीच, यामुळे मूल बोलायला मागे पडते ही समजूत खरी नाही. दोन भाषांत वाढणारे मूल काही काळ शब्द मिसळते, पण दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजले तर ते मागे नसते. शाळेच्या भाषेसाठी घरातली मराठी बंद केली तर आजीच्या गोष्टींपासून भांडणापर्यंतचा सगळा भरघोस व्यवहार जातो, आणि त्याच्या जागी पालकांची तुटपुंजी दुसरी भाषा येते. पडदा या कामाचा नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०२१ चा सल्ला स्पष्ट आहे: दोन वर्षांच्या आत पडदा नको (दूरच्या नातेवाइकांशी कधीमधी व्हिडिओवर बोलणे सोडून), दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत.

आठव्या-नवव्या महिन्यात बाळ अनोळखी माणसाकडे जाईनासे होते आणि आई दिसेनाशी झाली की रडते. हा हट्टीपणा नव्हे. डोळ्यांआड गेलेली वस्तू किंवा व्यक्ती कुठेतरी असते हे त्याला आता कळू लागलेले असते, परत केव्हा येईल ते मात्र कळत नाही. चेहऱ्यावर पदर घेऊन ‘बुवा... कुक’ करायचा खेळ नेमका याच वयात रंगतो. नोकरीवर जाणाऱ्या आईने बाळाची नजर चुकवून निसटू नये. टाटा करून जावे आणि आल्यावर जवळ घ्यावे.

दीड ते तीन वर्षांत ‘मी’ आणि ‘नाही’ हे दोन शब्द घर गाजवतात. इच्छा मोठी, शब्द कमी आणि मेंदूतला स्वतःला आवरणारा भाग अगदी कोवळा, म्हणून मूल जमिनीवर लोळण घेते. त्या क्षणी समजावणे व्यर्थ असते. सुरक्षित जागी ठेवून शांतपणे जवळ बसणे पुरेसे असते, आणि मागितलेली वस्तू रडण्यामुळे न देणे आवश्यक असते. मारल्याने रडणे थांबते, पण मूल आवरायला शिकत नाही, घाबरायला शिकते. शीची जागा सांगण्याची तयारी दीड ते तीन वर्षांत केव्हाही होते. रात्री अंथरूण ओले होणे पाच वर्षांपर्यंत सामान्यच आहे आणि त्याबद्दल कधीही लाजवू नये. दात साधारण सहाव्या ते आठव्या महिन्यात दिसू लागतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दुधाचे दात येतात. दात येताना जुलाब होतात असे मानून दुर्लक्ष केले जाते. प्रत्यक्षात त्या वयात प्रत्येक वस्तू तोंडात जाते आणि तिच्याबरोबर जंतू जातात, म्हणून जुलाबांना जुलाबच समजून क्षारसंजीवनी आणि झिंक सुरू करावे.

तीन ते सहा वर्षांच्या काळाविषयी महाराष्ट्राला स्वतःचा अनुभव आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते काम चालवले. आदिवासी पाड्यांतली मुले बालवाडीत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, आणि महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने, खडे वापरले. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत देशभर ‘अंगणवाडी’ हेच नाव रुजले. बिया निवडणे, मणी ओवणे, माती मळणे, भातुकलीत पोळ्या लाटणे यांत बोटांचे लहान स्नायू तयार होतात, आणि लेखन त्याच स्नायूंनी व्हायचे असते. तीन वर्षांचे मूल पाहून गोल काढते, चार वर्षांचे अधिकचे चिन्ह, साडेचार-पाचचे चौकोन आणि पाच-साडेपाचचे त्रिकोण. मनगटातली बरीच हाडे या वयात अजून कूर्चेचीच असतात. अक्षरात गोल, तिरक्या आणि जोडलेल्या रेषा एकत्र येतात; ज्याला तिरकी रेषा अजून जमत नाही त्याच्याकडून साडेतीन-चार वर्षांचा असताना पानभर ‘अ’ गिरवून घेणे म्हणजे त्याला लेखनाचा कंटाळा शिकवणे. मुलाखत घेऊन, लिहायला लावून बालवर्गात प्रवेश देणारी शाळा पालकांनी निर्धास्तपणे नाकारावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला असून त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे.

सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ दुधाच्या दातांच्या मागे येते. ती दुधाची समजून किडू दिली जाते आणि पुढे आयुष्यभर तिची उणीव राहते. सातव्या वर्षाच्या सुमारास विचाराची पद्धत बदलते. उंच अरुंद पेल्यातले पाणी पसरट भांड्यात ओतले तर पाच वर्षांच्या मुलाला ते कमी झाल्यासारखे वाटते. सात-आठ वर्षांच्या मुलाला ते तेवढेच आहे हे कळते. ज्याँ पियाजे यांच्या या प्रयोगामुळे बेरीज-वजाबाकी वस्तू हाताळून का शिकवायची हे स्पष्ट झाले. लगोरी, लंगडी, सागरगोटे यांतून नियम, पाळी आणि हरणे यांचा सराव होतो, आणि तो वर्गात मिळत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. सकाळची शाळा असेल तर निजण्याची वेळ त्यावरूनच ठरवावी.

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात: डोळे, कान, रक्तातले लोह आणि झोप. एका डोळ्याने कमी दिसणारे मूल तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्यावर काम भागते. पण सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले नाहीत तर तो डोळा मंदच राहू शकतो. म्हणून शाळेत घालताना दोन्ही डोळे वेगवेगळे झाकून तपासून घ्यावेत. हे सगळे ठीक असून, बोलण्यात चुणचुणीत असलेले मूल दुसरी-तिसरीतही अक्षरे जोडून वाचू शकत नसेल, ऐकलेले सांगते पण लिहिता येत नसेल, तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची चाचणी करावी. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरे उलटी काढणे सामान्य असते, त्यापुढे टिकले तर लक्ष द्यावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे आणि महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षांत अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. प्रमाणपत्रासाठी दहावीपर्यंत थांबू नये. तिसरीत ओळखलेल्या मुलाला वेगळ्या पद्धतीने वाचन शिकवता येते, दहावीत ओळखलेल्याला बहुधा सवलतच तेवढी देता येते.

मुली आठ ते तेरा आणि मुलगे नऊ ते चौदा या वयात केव्हाही वयात येऊ लागतात. मुलींमध्ये स्तनांची वाढ आधी सुरू होते आणि साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. मुलग्यांमध्ये वृषणांची वाढ ही पहिली खूण असते, आवाज फुटणे आणि मिसरूड नंतरचे. पाळीविषयी पहिल्यांदा सांगायची वेळ म्हणूनच नऊ-दहा वर्षांची, आणि ते मुलग्यांनाही सांगावे. मुलीत आठ वर्षांच्या आत किंवा मुलग्यात नऊच्या आत ही चिन्हे दिसली, अथवा मुलीत तेरा आणि मुलग्यात चौदा वर्षे होऊनही काहीच दिसले नाही, तर तज्ज्ञांना दाखवावे. या वर्षांत लोहाची गरज वाढते, म्हणून शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी टाळू देऊ नये. झोपेचे घड्याळही पुढे सरकते: किशोरवयीन मुलाला रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही यात शरीराचा भाग मोठा असतो, तरी आठ ते दहा तासांची गरज तशीच राहते.

उंचीची शेवटची मोठी झेप मुलींमध्ये पाळी येण्याच्या आधी असते. सहावी-सातवीत मुली वर्गातल्या मुलग्यांपेक्षा उंच दिसतात ते यामुळेच. पाळी आल्यानंतर सरासरी पाच ते सात सेंटिमीटरच वाढ उरते. मुलग्यांची झेप सुमारे दोन वर्षे उशिरा येते आणि सतरा-अठरापर्यंत थोडी-थोडी चालते. अंदाज घ्यायचा तर आई-वडिलांच्या उंचीची बेरीज करून मुलग्यासाठी तीत १३ सेंटिमीटर मिळवावेत, मुलीसाठी १३ वजा करावेत आणि दोनने भागावे. प्रत्यक्ष उंची याच्या आठ-नऊ सेंटिमीटर अलीकडे-पलीकडे येऊ शकते. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा एकदा हाडात मिसळल्या की कोणतीही पावडर, लटकणे किंवा औषध उंची वाढवू शकत नाही. संप्रेरकांची कमतरता, थायरॉईडचा दोष, गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा विकार अशी उपचार होण्याजोगी कारणे त्याआधीच शोधावी लागतात. त्यामुळे वर्षाला चार सेंटिमीटरपेक्षा कमी वाढणारे सात-आठ वर्षांचे मूल त्याच वर्षी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि जाताना आजवरच्या उंचीच्या नोंदी सोबत न्याव्यात.